इद्रिसचा ‘आपण’

‘आपण’ हा शब्द हल्ली माझ्याच्याने सहज उच्चारवत नाही. शाळेत मराठीचं व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, सर्वनामं तर मी झोपेतसुद्धा शिकवली असती. पण आता भाचीला फोनवर ‘आपण जाऊ या गं’ एवढं म्हणायचं तरी जीभ अडखळते, आणि समोरच्या दारात इद्रिस उभा आहे असं वाटतं. त्या घरात सध्या एक नवं जोडपं राहतं. ते कुणाला साधा नमस्कार करत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

इद्रिस सुदानचा. पुण्यात शिकायला आला, शिक्षण झाल्यावर हडपसरच्या एका आयटी पार्कात अरबी कागदपत्रांची भाषांतरं करायच्या नोकरीला लागला. मी नारायण पेठेतली जागा सोडून हडपसरच्या या सोसायटीत राहायला आले, त्याच सुमारास तो समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आला. ताडमाड उंच, काळाभोर, आणि अंगात कायम कडक इस्त्रीचा शर्ट. लिफ्टमध्ये शिरताना तो मान तुकवायचा. तशी काही गरज नव्हती, लिफ्टचं दार त्याच्या डोक्याच्या वर वीतभर होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “होस्टेलच्या दाराने शिकवलं, बाई. तुमच्यासारखंच, मारून.” मी जन्मात एकाही मुलाला हात लावलेला नाही, पण ते वाक्य मला आवडलं.

त्याचा नमस्कार हे एक प्रकरण होतं. त्याच्या देशात भेटल्यावर चौकशी करायची ती सगळी करायची, मध्येच सोडायची नाही. जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीशी, जो भेटेल त्याला थांबवून हा सुरू करायचा: “नमस्कार. कसे आहात? घरी कसे आहेत? झोप झाली? आईची तब्येत कशी? मुलं अभ्यास करतात?” आता पुण्यात सकाळी कुणी एवढं विचारलं, तर माणूस आधी खिसा चाचपतो. आमचे सेक्रेटरी काळे, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरं. काम काय होतं?”

“काम नाही,” इद्रिस म्हणाला. “काम असतं तर फोन केला असता.”

मी दाराआडून हे ऐकलं आणि मनात म्हटलं, हा मुलगा इथलाच. फक्त आमचे वॉचमन पुंडलिकराव, यवतमाळकडचे, ते त्याची ती लांबलचक चौकशी उभं राहून पूर्ण ऐकायचे आणि तेवढीच लांबलचक उत्तरं द्यायचे. एकदा ते मला म्हणाले, “बाई, हा मानूस मले रोज इचारते, घरी समदे बरे हायेत का म्हून. तीन वर्सं झाली मले पुन्यात येऊन. दुसऱ्या कोनी नाही इचारलं.”

मराठी तो होस्टेलात कानाने उचलून आला होता, नीट शिकायला माझ्याकडे आला तो भाजीमुळे. “भाजीवाली आपल्याशी हिंदी बोलते, तुमच्याशी मराठी,” तो म्हणाला. “हिंदीत कोथिंबीर महाग मिळते.” शनिवारी दुपारी तो वही घेऊन यायचा. चहात साखर इतकी घालायचा की चमचा ढवळताना जड व्हावा. माझा चहा प्यायला की दर वेळी विचारायचा, “बाई, हे औषध जेवणाआधी की नंतर?”

आडनावांचा धडा त्याला फार आवडला. काळे हे सेक्रेटरी, वर्णाने केतकी. तिसऱ्या मजल्यावरचे गोरे माझ्याहून सावळे, आणि मी काही चांदणं सांडत नाही. ‘काळे’ आणि ‘गोरे’ यांचा अर्थ कळला तेव्हा इद्रिस इतका हसला की वही खाली पडली. “नावं वाटताना कुणी घाई केली काय?” मग डोळे पुसून म्हणाला, “बाई, आपल्याला कुठलं आडनाव मिळेल?” मी म्हटलं, “तुला गोरे.” त्यानंतर कित्येक दिवस तो मला फोनवर “गोरे बोलतोय” म्हणायचा.

खाली खेळणारी मुलं त्याच्यामागे ‘हबशी, हबशी’ करत धावायची. त्याचा अर्थ त्याने मलाच विचारला. मी सांगितलं, हबश म्हणजे तिकडचा एक जुना देश, तिथले ते हबशी. तो म्हणाला, “तो आपला शेजारचा देश आहे, बाई. मुलांना सांगा, पत्ता चुकला.” माझ्या भिशीतल्या बायका मुलांपेक्षा पुढे होत्या. त्या म्हणायच्या, “तुमच्या समोरचं ते काळं आज दिसलं नाही.” मराठीत माणसाला नपुंसकलिंगी करायला काही कष्ट पडत नाहीत, क्रियापद बदललं की झालं. मी भिशी सोडली. त्यांना वाटलं माझे गुडघे दुखतात.

त्याची एक चूक मात्र सुटेना, आणि खरं सांगायचं तर ती सुटावी असं मलाही वाटेना. ‘आम्ही’ हा शब्द त्याच्या मराठीत नव्हताच. अरबीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द, आणि त्याला मराठीतला आधी ‘आपण’ भेटला. मग काय, “आपल्या सुदानात नदी फार मोठी आहे, बाई.” “आपण लोक शुक्रवारी धूप करतो.” “आपले वडील लहानपणीच गेले.” आणि सगळ्यात जास्त, “आपली आई.”

“माझी आई म्हण, इद्रिस.”

“का? माझी म्हटलं की ती एकट्याची होते.”

ही आपली आई मी फोनवर पाहिली होती. काळं, सुरकुतलेलं, फार देखणं तोंड, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पांढरे झालेले. तिकडे लढाई पेटली तेव्हा ती शेजाऱ्यांबरोबर चालत सीमेपलीकडे गेली आणि तिथे तंबूत राहत होती. इद्रिसने फोन माझ्यापुढे धरला की ती माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून अरबीत बोलत सुटायची. मला एक अक्षर कळायचं नाही. माझी तब्येत, माझं घर, माझी झोप, सगळं विचारत असणार. मी मराठीत उत्तरं द्यायचे. इद्रिस भाषांतर करायचा नाही, आमच्या दोघींकडे बघत चहा ढवळत बसायचा.

तिला पुण्याला आणायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि मग इथेच ठेवून घ्यायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. रिकामी असलेली छोटी खोली त्याने तिच्यासाठी लावली. भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी पट्टी ठोकून घेतली, तिला चाचपत बाथरूमपर्यंत जाता यावं म्हणून. मला डोळे मिटून ती पट्टी धरून चालायला लावलं आणि म्हणाला, “बाई, खरं सांगा, वळणावर हात सुटतो का?” सुटत होता. त्याने वळणावर पट्टी बदलून घेतली. तिच्या व्हिसासाठी राहत्या जागेच्या भाडेकराराचा कागद लागत होता. जुना करार संपत आला होता, नवा पावसाळ्याआधी व्हायचा होता. मालक नाशिकला असायचे आणि तयार होते. आपली आई गणपतीपर्यंत येणार, असं तो वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगत सुटला.

त्याच उन्हाळ्यात पार्किंगमधून दोन सायकली चोरीला गेल्या. कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. सोसायटीच्या सभेला मात्र एक नवा विषय आला: ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने परदेशी भाडेकरू ठेवू नयेत.’ सोसायटीत परदेशी भाडेकरू एकच होता, म्हणून अनेकवचन घातलं होतं.

भाडेकरूला सभेत बसता येत नाही. पण काळे मोठ्या मनाने म्हणाले, “दोन मिनिटं बोलू द्या त्यांना, नंतर म्हणायला नको.” इद्रिस उठला. त्या दिवशीचा शर्ट पांढरा होता. त्याने मला न सांगता पाठांतर केलं होतं, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं.

“नमस्कार. सगळे कसे आहात? घरी कसे आहेत?” कुणीतरी खाकरलं. “आपण चोर नाही. आपण सायकल नेली नाही. आपण कुणाच्या मुलीकडे बघत नाही. आपण साधे लोक आहोत, पण स्वच्छ आहोत.”

मराठीत मानाने ‘तुम्ही’ म्हणायचं असलं तरी ‘आपण’च म्हणतात. त्यामुळे अर्ध्या सभेला वाटलं, हा त्यांना चोर नसल्याचं सर्टिफिकेट देतोय. मागून कुणीतरी म्हणालं, “आम्हाला सांगतोय का हा?” हशा झाला. इद्रिसला वाटलं काहीतरी बरं बोलून गेलो, म्हणून तोही हसला.

“आपली आई येणार आहे,” तो पुढे म्हणाला. “तिला दिसत नाही. ती कुणाला त्रास देणार नाही.”

“कुणाची आई?”

“आपली,” इद्रिस म्हणाला आणि हात सगळ्यांकडे फिरवला.

यावर सगळे जे हसले, ते मला अजून ऐकू येतं. भांडी घासताना नळ सुरू केला की ऐकू येतं, दुपारी घर शांत झालं की ऐकू येतं. वाईट माणसं नव्हती ती. कुणाच्या नातवाला मी फुकट शिकवलं होतं, कुणी मला दवाखान्यात नेलं होतं. एकाला हसू आलं की दुसऱ्याला येतं, तसं ते हसले.

हशा ओसरल्यावर काळे अगदी गोड आवाजात म्हणाले, “आपण नाही, साहेब. आम्ही. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही म्हणजे आम्ही, आणि तुम्ही म्हणजे तुम्ही. बाईंनी शिकवलं नाही वाटतं?”

“मुद्दाम नाही शिकवलं,” मी उठून म्हटलं. “आणि तो जे म्हणतोय ते शुद्ध आहे. तुम्हाला कळत नाही, हा तुमचा प्रश्न.” आणखीही पुष्कळ बोलले. भांडताना माझा आवाज चिरकतो, तसा चिरकला. काळे म्हणाले, “बाई, भावना समजू शकतो. पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” काय होणार होतं, ते कुणी सांगितलं नाही. हात वर झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या गोऱ्यांचाही झाला. त्यांच्या मुलीला तीन ठिकाणांहून रंगापायी नकार आला होता आणि तिसऱ्या नकाराच्या रात्री ते माझ्याकडे येऊन रडले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी हात वर केला आणि लगेच खाली घेतला. मला त्यांचा रागसुद्धा धड येईना.

पुढच्या शनिवारी इद्रिस वही घेऊन आला. नाशिकच्या मालकांचा फोन येऊन गेला होता: माणूस तू सोन्यासारखा आहेस, पण सोसायटीशी वाकडं कशाला घ्यायचं. चहात साखर घालायची तो विसरला. म्हणाला, “बाई, ‘आम्ही’ कधी म्हणायचं?”

शिकवायला मी नकार द्यायला हवा होता असं नाही, भाषा ही भाषा आहे. मी सांगितलं, ज्याच्याशी बोलतोय तो आत असेल तर ‘आपण’, बाहेर असेल तर ‘आम्ही’.

“म्हणजे बोलणारा ठरवतो?”

“हो.”

त्याने वही मिटली. “नाही, बाई,” तो म्हणाला. “ऐकणारा ठरवतो.”

त्याने तो शब्द चटकन उचलला. हुशारच होता. त्याच बैठकीत उठता उठता म्हणाला, “आमच्या सुदानात पाहुणा निघाला की रस्त्यापर्यंत सोडायला जातात.” एकही चूक नाही. मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले नाही, कारण तो अजून समोरच राहत होता. महिनाअखेरीला टेम्पो आला तेव्हा गेले. पुंडलिकरावांनी सामान चढवलं आणि गेटाबाहेर जाऊन रडले. इद्रिस सगळ्यांशी नीट बोलला, काळ्यांशीसुद्धा. पण “नमस्कार” म्हणाला आणि थांबला. पुढची चौकशी केली नाही. काळे मला म्हणाले, “बघा, कळतं त्याला सगळं. समजूतदार आहे.” सायकली कधीच सापडल्या नाहीत. इद्रिस गेल्यावर दिवाळीत तिसरी गेली. त्यावर ठराव झाला नाही.

त्याला दुसरी जागा लवकर मिळेना. फोनवर मराठी ऐकून लोक खूश व्हायचे, जागा दाखवायला बोलवायचे, आणि दार उघडल्यावर त्यांना अचानक आठवायचं की जागा कालच गेली. मी माझ्या नावावर जागा बघते म्हटलं, माझ्याच घरात राहा म्हटलं. पण ठरावात तेही बसत नव्हतं, आणि तो म्हणाला, “तुम्हाला तिथे राहायचं आहे, बाई.” तो मित्रांकडे, एकेका खोलीत चार-पाच जण, असा फिरत राहिला. कराराचा कागद झाला नाही. गणपती आले आणि गेले.

थंडीत एके दिवशी सकाळी त्याचा फोन आला. गोरे बोलतोय, वगैरे काही नाही.

“बाई, माझी आई गेली.”

तंबूत ताप आला, दोन दिवसांत संपलं. वाक्यात एकही चूक नव्हती. उभ्या जन्मात कुणाच्या शुद्ध वाक्याने मला इतकं रडवलं नव्हतं. मी फोनवरच रडले, आणि तो तिकडून माझी समजूत काढत राहिला. कुणी म्हणेल, ताप काय सोसायटीने आणला? नाही आणला. मलाही माहीत आहे. तरी ती लाकडी पट्टी अजून समोरच्या घरात भिंतीला आहे. नव्या जोडप्याने तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले दारातून दिसतात आणि मी दार लावून घेते.

त्यानंतर त्याचा नंबर लागेना. पुंडलिकरावांनाही काही कळलं नाही. लिफ्टमध्ये कधीतरी त्याच्या धुपाचा वास येतो असं मला वाटतं. बसमधून एखादी उंच मान दिसली की मी काच सरकवते.

मला तो दिसला तो खडकीत. माझी भाची तिथे दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहते. तिच्याकडून निघून मी लोकलसाठी स्टेशनकडे चालले होते. दुपार होती. कारखान्याची लांब भिंत आणि तिच्या कडेने अरुंद फुटपाथ. धुळीमुळे मला खोकला होतो, म्हणून पुण्यातल्या पोरींसारखा मी स्कार्फ डोक्याला, तोंडाला गुंडाळून गाठ मागे मारली होती. नुसते डोळे उघडे.

समोरून तो येत होता. वाळला होता. शर्टाला इस्त्री नव्हती. त्याने मला लांबूनच पाहिलं, म्हणजे एक म्हातारी बाई एकटीच येतेय एवढं पाहिलं, आणि थांबला. खांद्यावरची बॅग काढून दोन्ही हातांनी छातीशी धरली, हात दिसतील अशी. मग फुटपाथवरून खाली उतरला, गटाराच्या कडेला अंग चोरून उभा राहिला आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. इतक्या सवयीने केलं हे सगळं, की रोज किती वेळा करत असेल कोण जाणे.

माझे पाय जागीच थांबले. मी थांबलेली पाहून त्याला वाटलं, बाई घाबरली.

“घाबरू नका, काकू,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला. “मी चाललो.”

आणि रस्ता ओलांडून निघालासुद्धा. माझी बोटं गाठीशी झटत होती, ती निघेना. तोंडावरचं कापड तसंच खाली ओढलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “इद्रिस! अरे, इद्रिस!” मधून ट्रक गेला. त्याला नाव ऐकू गेलं नसावं, नुसता ओरडा ऐकू गेला. मागून कुणी ओरडलं की काय करायचं ते तो मधल्या काळात शिकला होता. तो पळत सुटला.

एका बाइकवरची दोन पोरं करकचून ब्रेक दाबून माझ्याजवळ थांबली. “काय नेलं त्यानं, आजी? पर्स? चेन?” मागच्याने पळणाऱ्याकडे बोट दाखवलं, पुढच्याने गाडी वळवली. मी त्यांच्या चाकापुढे आडवी उभी राहिले, हँडल दोन्ही हातांनी धरलं.

“काही नेलं नाही त्याने. माझा विद्यार्थी आहे तो. माझा माणूस आहे.”

पुढच्या पोराने गाडी बंद केली. तो चांगला मुलगा होता, एका अनोळखी म्हातारीसाठी धावून आला होता.

“तुमचा माणूस हाय,” तो म्हणाला, “तर मग पळतोय कशाला?”